एका ढेकणाच्या नावावर तीन किडे

परवा दिवेलागणीला मावशीचा फोन आला. ती यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात असते. भाव वाढेल या आशेवर तिच्या माजघरात वीसेक क्विंटल कापूस पडून आहे. गंजी आढ्याला टेकलेली, आणि गंजीच्या पायथ्याशी नातवंडांची गादी. यात नवल काही नाही, तिच्या गावात घरटी हेच असतं.

“काय वं पोरी,” ती म्हणाली, “थो कापसातला ढेकून चावला का दिल सुजते म्हनते. मोबाइलवर आलं. तुह्या मावसाजीनं गव्हातल्या गोया आनल्या. आज राती गंजीत टाकतो म्हनते अन् दार लावून घेतो म्हनते.”

“आणि झोपणार कुठे तुम्ही?”

“बाजूच्या खोलीत. अजून कुठं?”

मी फोनवरच ओरडले. गोळ्यांची डबी तशीच बंद राहू दे, पाण्यापासून आणि पोरांच्या हातापासून लांब, घराबाहेर ठेव, आणि तो मेसेज मला पाठव म्हटलं. मेसेज आला. तो एव्हाना तुमच्याही दोन-तीन ग्रुपवर येऊन गेला असेल. उद्गारचिन्हं आणि हात जोडलेली चित्रं काढून टाकली तर उरतं ते असं: अमेरिकेतून बीटी बियाण्यासोबत ‘सीड बग’ नावाचा विषारी ढेकूण विदर्भ-मराठवाड्यात शिरला आहे. शास्त्रज्ञांनी १९९७ मध्येच त्याला साध्या ढेकणांतून काढून वेगळ्या धोकादायक कुळात टाकलं, पण कंपन्यांनी ते दाबलं. तो रात्री ओठांजवळ चावतो, रक्त पितो, हृदय सुजतं, औषध नाही. देशी कपाशीवर तो बसत नाही. घरात कापूस असेल तर गंजीत गव्हाच्या गोळ्या ठेवून खोली बंद करा, नाहीतर आजच मिळेल त्या भावात विकून मोकळे व्हा. सोबत एक फोटो आणि एक व्हिडिओ.

मी कीटकशास्त्र शिकले आणि त्यातले दोन हंगाम बोंडांतले किडे मोजण्यात घालवले. त्यामुळे हे वाचून गप्प बसवेना. खाली मुद्दे मेसेजच्या क्रमाने घेतलेले नाहीत, ज्यानं माणूस मरेल तो आधी घेतला आहे.

म्हणजे गोळ्या. गव्हात टाकायच्या गोळ्या म्हणजे ॲल्युमिनियम फॉस्फाईड. हवेतली ओल लागली की त्यातून फॉस्फीन नावाचा वायू सुटतो, तीन ग्रॅमच्या एका गोळीतून एक ग्रॅम. किडा कोण आणि माणूस कोण हे त्या वायूला कळत नाही. मोठ्या गोदामांत ही धुरी देतात तेव्हा थप्पीवर हवाबंद चादर घालतात, तिच्या कडा वाळूच्या लांब पिशव्यांनी दाबतात, माणसं बाहेर काढतात, काही दिवस तिकडे कुणाला फिरकू देत नाहीत आणि वायू गेल्याची खात्री करून मगच आत पाऊल टाकतात. म्हणूनच हे औषध जाणकाराच्या देखरेखीखाली वापरायचं असा नियम आहे, कुणालाही किराणा मालासारखं मिळता कामा नये. ते तरीही मिळतं, ही गोष्ट वेगळी.

आता मावशीचं घर डोळ्यांसमोर आणा. वर टिनं. मधली भिंत टिनांपर्यंत पोचतच नाही, वर हातभर फट. माजघराचं दार लावलं काय आणि उघडं ठेवलं काय, वायू त्या फटीतून बाजूच्या खोलीत येणार, आणि तिथे पाच माणसं झोपलेली. पोटात गेलेल्या किंवा श्वासातून आलेल्या फॉस्फीनवर उतारा नाही. डॉक्टर हृदय, रक्तदाब, श्वास सांभाळत बसतात, बाकी नशिबावर. शिवाय गोळ्यांवर पाणी सांडलं, टिनातून गळलं, तर हा वायू आपोआप पेटही घेऊ शकतो. भोवती वीस क्विंटल कापूस. मेसेज लिहिणाऱ्यानं यातल्या कशाचाही विचार केलेला नाही, किंवा केला असेल तर तो माणूस भेटण्यासारखा नाही.

२०१७ चा यवतमाळचा हंगाम आठवा. पऱ्हाटीवरच्या फवारणीच्या विषबाधेनं वीसेक माणसं गेली, शेकडो दवाखान्यात पडली. ती उघड्या रानातली गोष्ट होती. हा मेसेज तेच बंद घरात करायला सांगतो, आणि तेही कशासाठी, तर सरकीचं तेल पिणाऱ्या किड्यासाठी.

बरं, मग तो किडा कोण?

इथे थोडा दोष आपल्या भाषेचाही आहे, तो मान्य करते. खाटेतला तो ढेकूण. कपाशीवरचा लाल ढेकूण. बोंडातला करडा ढेकूण. डाळिंब-सीताफळावरचा पांढरा चिकट तो पिठ्या ढेकूण. कोकणात काजूचा मोहोर करपवणारा तो ढेकण्या. एवढ्या सगळ्यांना आपण एकाच नावानं हाक मारतो. इंग्रजीतला ‘बग’ तरी कुठे शहाणा आहे! पण नाव सारखं म्हणून खोड सारखी होत नाही. या सगळ्यांत माणसाच्या रक्तावर जगणारा एकच, खाटेतला. त्याला पंख नाहीत, तो उडत नाही, आणि कपाशीशी त्याला काही घेणंदेणं नाही.

मेसेजमधल्या फोटोतला किडा मात्र यांतला एकही नाही. अंगठ्याच्या नखाहून मोठा, डोकं लांबुळकं, पोटाच्या कडेला नारिंगी पट्टे. हा अमेरिका खंडातला ‘किसिंग बग’. ओठांजवळ चावतो ही गोष्ट त्याचीच, आणि हृदयाचा आजारही त्याच्याच खात्यातला. चागास रोग म्हणतात त्याला. ब्राझीलमध्ये कार्लोस चागास यांनी १९०९ मध्ये तो शोधून काढला. रोगाचा सूक्ष्मजीव चाव्यातून जात नाही, त्या किड्याच्या विष्ठेतून जातो. खाजवताना ती जखमेत किंवा डोळ्यात चोळली जाते. तो मुख्यतः लॅटिन अमेरिकेचा रोग आहे. आणि ‘औषध नाही’ हेही खोटं. बेन्झनिडाझोल आणि निफर्टिमॉक्स अशी दोन औषधं आहेत, लवकर सुरू केली तर चांगली लागू पडतात. म्हणजे मेसेजनं ज्याला औषध आहे त्याची भीती घातली, आणि ज्याला उतारा नाही ते घरात पेरायला सांगितलं.

व्हिडिओ तर आणखी बहारीचा. झाडाच्या बुंध्यावर काळ्या-तांबूस किड्यांचे हजारोंनी थर, खाली मराठीत “आपल्या विदर्भातील दृश्य”. दुसऱ्यांदा पाहिला तेव्हा मागून ट्राम गेली. यवतमाळात ट्राम! ते झाड युरोपातलं लिंडेन आणि किडे ऑक्सिकॅरेनस लॅव्हॅटेरी. फॅब्रिशियसनं १७८७ मध्ये नाव दिलेला हा किडा मूळचा पश्चिम भूमध्य समुद्राकडचा, गेल्या काही दशकांत मध्य युरोपात पसरला. थंडीत लिंडेनच्या सालीवर गर्दी करून बसतो, पाहणाऱ्याला शिसारी येते, झाडाला फारसं काही होत नाही. तो आपल्या करड्या ढेकणाचा चुलतभाऊ, ऑक्सिकॅरेनस हे पहिलं नाव दोघांचं एकच. तीन किड्यांपैकी निदान एक नात्यातला निघाला, एवढं श्रेय देते.

खरा आरोपी, म्हणजे करडा ढेकूण, बघायचा म्हणून काल शेजारच्या फरदडीतून, म्हणजे हंगाम संपल्यावरही न उपटलेल्या कपाशीतून, चार बोंडं तोडून आणली आणि पांढऱ्या कागदावर झटकली. पहिल्या बोंडातून तीन निघाले, तिसऱ्यातून मोजवेनात इतके. लांबी चार-पाच मिलिमीटर, तांदळाच्या दाण्याहून आखूड. काळपट-करडे, डोक्याकडे टोकदार, पंखांचं टोक काचेसारखं आरपार. पिल्लांना पंख नव्हते, पोट गुलाबी. एक बोटाखाली चिरडला तर तो ओळखीचा उग्र वास आला आणि कागदावर हिरवट-पिवळा डाग उमटला. हा डाग लक्षात ठेवा, पुढे लागेल. मग एकाला भिंगाखाली उताणा केला. सोंड चार पेरांची, पोटाशी दुमडून पायांच्या मधून मागे गेलेली. खाटेतल्या ढेकणाची आणि त्या किसिंग बगची सोंड तीन पेरांची असते. ज्याला ढेकणाचं कूळ कळून घ्यायचंय त्यानं भिंग घ्यावं आणि पेरं मोजावीत, ग्रुपवर विचारू नये. ही सोंड सरकीत खुपसायची, आत लाळ सोडायची आणि पातळ झालेला गर ओढून घ्यायचा, हा याचा उद्योग. मादी अंडी घालते ती उमललेल्या बोंडात, सरकीच्या आसपासच. पिल्लं पाच वेळा कात टाकून मोठी होतात, तीही तिथेच. याचं सगळं आयुष्य बियांभोवती जातं, म्हणून इंग्रजीत सीड बग. आपण मराठीत बियांचा ढेकूण म्हटलं असतं तर हा घोळ निम्मा कमी झाला असता.

आता अमेरिका. शास्त्रीय नावामागे ज्यानं त्या प्राण्याचं पहिलं वर्णन छापलं त्याचं आडनाव आणि साल लिहायची रीत आहे. कपाशीवरच्या आपल्या या ढेकणाचं नाव ऑक्सिकॅरेनस लीटस, कर्बी, १८९१. ब्रिटिश म्युझियममधल्या कर्बी यांनी सिलोनच्या, म्हणजे आजच्या श्रीलंकेच्या, ढेकूणवर्गीय किड्यांची यादी केली त्यात तो आला. यादीचा आधार होता अर्नेस्ट ग्रीन यांनी मुख्यतः पुंडलुओया इथे जमवलेला संग्रह. पुढे १९०४ मध्ये डिस्टंट यांनी ब्रिटिश हिंदुस्थानातल्या प्राण्यांच्या ग्रंथमालेत ढेकूणवर्गाचा दुसरा खंड काढला, त्यातही हा आहे. बीटी कपाशीला आपल्याकडे परवानगी मिळाली २००२ मध्ये. म्हणजे बियाण्यासोबत आलेला हा पाहुणा बियाण्याच्या आधी एकशे अकरा वर्षं आपल्या उपखंडात बसून सरकी खात होता. एवढं एक साल पुरेसं आहे, बाकी वाद घालायची मला गरज वाटत नाही.

तरी घालते, कारण उलटी बाजू मजेदार आहे. याच्याच जोडीला आपल्याकडे सापडणारा दुसरा भाऊ म्हणजे ऑक्सिकॅरेनस हायलिनिपेनिस, कॉस्टा, १८४३. दोघेही इतके सारखे की शेतकरीच काय, कृषी विभागाच्या पत्रकांतही दोघांना एकच ‘करडा ढेकूण’ म्हणून मोकळे होतात. या हायलिनिपेनिसचं जुनं राज्य म्हणजे आफ्रिका, भूमध्य समुद्राचा काठ, पश्चिम आशिया ते आपल्यापर्यंत. तिथून तो दक्षिण अमेरिकेत आणि कॅरिबियन बेटांवर पोचला. अमेरिकेत २०१० मध्ये फ्लोरिडाच्या दक्षिण टोकाला, स्टॉक आयलंडवर, रानकपाशीत सापडला तेव्हा तिथल्या सरकारनं ती झाडं उपटून त्याचा नायनाट केला. २०१९ मध्ये लॉस एंजेलिस परगण्यात पुन्हा निघाला. म्हणजे अमेरिका याच्यापासून स्वतःच्या कपाशीला वाचवत बसली आहे. आपल्याकडे तो तिकडून आलेला नाही, तिकडे तो जुन्या जगातून गेलेला आहे. माझा अंदाज असा की तिकडच्या कुठल्यातरी ‘धोकादायक कीड’ सूचनेचं कुणीतरी यंत्राकडून भाषांतर करून घेतलं. धोका कपाशीला होता, भाषांतरात तो माणसाला झाला.

आणि बियाण्याच्या पाकिटातून? ती सरकी ॲसिडनं तूस काढलेली, वर रंगीत औषध चोळलेली असते. त्यात जिवंत ढेकूण प्रवास करून आला असेल तर त्याचा सत्कारच करायला हवा.

१९९७ चा मुद्दा मला सर्वांत जास्त हसवून गेला, कारण साल बरोबर आहे. त्या वर्षी थॉमस हेन्री या अमेरिकी कीटकशास्त्रज्ञानं खरोखरच या ढेकणांची नवी वाटणी केली. तोवर बियांवरचे बहुतेक ढेकूण लायगीइडी नावाच्या एका मोठ्या कुळात कोंबलेले होते. हेन्रीनं दाखवून दिलं की हे सगळे एका पूर्वजाचे वंशज नाहीत, उगाच एका छपराखाली ठेवलेत. मग त्या एकत्र कुटुंबाची अकरा कुळं झाली, जणू भाऊ वेगळे निघाले आणि प्रत्येकाचं रेशनकार्ड वेगळं झालं. आपल्या करड्याच्या कार्डावर आता ऑक्सिकॅरेनिडी असं लिहिलेलं आहे. ही वाटणी शरीराची ठेवण बघून झाली. कोण चावतो, कोण नाही, याचा तिथे संबंधच नव्हता. त्याच वाटणीत जिओकोरिडी हेही वेगळं कूळ झालं. त्यातले मोठ्या डोळ्यांचे ढेकूण कपाशीतल्या मावा-तुडतुड्यांवर ताव मारतात, म्हणजे शेतकऱ्याचे मित्रच. मेसेजच्या हिशेबानं तेही धोकादायक कुळात गेले. दाबून ठेवण्याबद्दल म्हणाल तर हा निबंध अमेरिकेच्या कीटकशास्त्र संघटनेच्या नियतकालिकात छापलेला आहे आणि गेली पंचवीसहून जास्त वर्षं जगभरचे विद्यार्थी तो वाचून परीक्षेत लिहितात. मीही लिहिलाय. असं दाबणं सगळ्यांच्या वाट्याला येवो. खाटेतला ढेकूण तर या भांडणात कधी नव्हताच, त्याची शाखाच फार आधी वेगळी फुटलेली.

देशी कपाशीवर बसत नाही, हे लिहिणाऱ्यानं भेंडीचं सुकलेलं फळ कधी फोडून पाहिलेलं दिसत नाही. भेंडी, अंबाडी, जास्वंद, बांधावरची पेटारी, कपाशीच्या गोतातलं काहीही याला चालतं, बी असलं की झालं. देशी काय, बीटी काय. मात्र एक गोष्ट नाइलाजानं कबूल करायला हवी. बीटीतलं विष अळ्यांसाठी आहे, सोंडेनं रस ओढणाऱ्या किड्यांवर ते चालत नाही. बोंडअळीसाठीच्या फवारण्या सुरुवातीला कमी झाल्या तेव्हा त्यांच्याबरोबर आपोआप मरणारे रसशोषक किडे वाचले. गुलाबी बोंडअळीनं पोखरलेली अर्धवट उमललेली बोंडं आणि फेब्रुवारी-मार्चपर्यंत रेटलेली फरदड, ही तर करड्यांची धर्मशाळाच. तेव्हा ‘पूर्वी एवढे दिसत नव्हते’ असं कुणी जुनं माणूस म्हणालं तर मी त्याला खोटं पाडणार नाही.

खाजही खरी आहे. मावशीच्या धाकट्या नातवाच्या पोटावर बारीक पुरळ आहे आणि तो मेसेज यायच्या आधीपासून आहे. कापूस घरात असला की तूस उडतं, धूळ उडते, ढेकूण चिरडून त्यांचा तिखट रस कातडीला लागतो. रस शोषणारा ढेकूण माणसाला चुकून सोंड टोचतो अशाही तुरळक नोंदी आहेत, टोचल्यावर जरा चुरचुरतं, तो रक्तावर राहत नाही. त्याहून जास्त संशय मला डोळ्यांना न दिसणाऱ्या कोळ्यांवर आहे, जाळं विणणारे नव्हेत, इंग्रजीत ज्यांना माइट म्हणतात ते. पायमोटिस नावाचे हे कोळी साठवलेल्या मालातल्या अळ्यांवर, गुलाबी बोंडअळीवरही, जगतात आणि माणसाला चावले की अंगभर खाजरे फोड उठतात. पोराला डॉक्टरकडे न्यावं आणि गादी गंजीपासून हलवावी. मावशीला मी एवढंच सांगितलं, आणि गादी हलवायला ती ढेकणापेक्षा जास्त कुरकुरली, कारण दुसरी जागा नाही.

राहिलं ‘आजच मिळेल त्या भावात विका’. इथे तो कागदावरचा हिरवट डाग आठवा. कापसात ढेकूण राहिले आणि तसेच जिनिंगमध्ये, म्हणजे रुई आणि सरकी वेगळी करतात तिथे, गेले तर ते सरकीसोबत चिरडतात, रुईला डाग पडतो, प्रत उतरते. सरकीचं वजन आणि उगवण घटते हेही खरं. व्यापारी त्याचे पैसे कापतो तेव्हा तो अगदीच खोटं बोलत नसतो. पण त्याचा उपाय ऊन आहे. वेचून आणलेला कापूस अंगणात किंवा ओट्यावर पातळ पसरला की बरेचसे ढेकूण तासा-दोन तासांत आपणहून चालायला लागतात. उललेली बोंडं झाडावर लटकत न ठेवता वेळेवर वेचली आणि कवडी, म्हणजे किडका-डागी कापूस, वेगळी ठेवली की घरात कमीच येतात. गंजीतली सरकी सुकत गेली की उरलेले निघून जातात, नाहीतर मरतात. मेसेजमध्ये ऊन नाही, गोळ्या आहेत, आणि लगोलग विक्री आहे. खेडा खरेदीच्या गाड्या गावात फिरायला लागल्या त्याच आठवड्यात हा मेसेज का आला, हा प्रश्न मावसाजींनीच मला विचारला. माझ्याजवळ पुरावा नाही, म्हणून पुढे काही लिहीत नाही.

गोळ्यांची डबी मावसाजींनी न उघडता दुकानात परत नेली. दुकानदारानं परत घेतली, पैसे मात्र दिले नाहीत, त्याऐवजी युरियाच्या खात्यात वळते करतो म्हणाला. रविवारी अर्धा कापूस ओट्यावर पसरला होता. ढेकूण निघाले, कोंबड्यांनी खाल्ले.

वरचं सगळं थोडक्यात लिहून मी मावशीच्या गावच्या ग्रुपवर टाकलं. सतरा अंगठे आले. आज सकाळी तोच मेसेज पुन्हा आला आहे, मजकूर शब्दशः तोच. फोटो तेवढा बदललाय. या वेळी पिठ्या ढेकूण आहे, सीताफळावर बसलेला.